अर्ध्या वाक्याचा जावई

माणसाची चौकशी करायची तर ती इंग्रजीतच करावी, असं घनश्याम गुरुजींचं ठाम मत होतं. त्यांची ठाम मतं फार नव्हती. बाकी सगळ्या बाबतींत ते आधी बायकोच्या तोंडाकडे बघत आणि मग बोलत. पण या बाबतीत ते हलायला तयार नव्हते.

त्यांचं म्हणणं असं की, मराठीत विचारलं की लोक सोयरीक बघून बोलतात. ‘पोट्टा सोन्यासारखा हाय’ म्हणतात, आणि ते सोनं कसलं होतं ते लग्नानंतर कळतं. हिंदीत विचारावं तर ‘अरे, अपना ही लडका है’ यापलीकडे काही हाती लागत नाही. इंग्रजीचं तसं नाही. इंग्रजी बोलणारा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही. तो वाक्यात कुठेतरी एक लहानसा शब्द ठेवून देतो. ज्याला कळायचं त्याला कळतं.

आणि बालाघाटात ज्याला कळायचं तो माणूस एकच, असं गुरुजींना मनातल्या मनात वाटत असे. तोंडाने त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. शाळेत इंग्रजी शिकवण्यात त्यांची उमर गेली होती, आणि या सगळ्या काळात खरोखर इंग्रजी बोलणारा माणूस समोरून आला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात.

ही गोष्ट सदुसष्ट सालची. गुरुजींची मुलगी ललिता लग्नाची झाली होती. तिची दोन ठरत आलेली स्थळं गुरुजींच्या शंकांनी मोडली होती. पहिला मुलगा बोलताना डोळे मिचकावायचा. त्यावरून गुरुजींनी त्याचं पुढचं सगळं आयुष्य ताडलं. दुसऱ्याचं अक्षर मागे कललेलं होतं. आता तिसरं स्थळ आलं होतं ते भरवेलीचं. मुलाचं नाव प्रेमलाल. मँगनीजच्या खाणीतल्या बत्तीघरात तो कामाला होता. खाणीत उतरणाऱ्या माणसांना डोक्यावरच्या बत्त्या द्यायच्या आणि वर आले की परत घ्यायच्या, हे त्याचं काम. वडील नव्हते, काकाने वाढवलेला. काकाचं नाव महागू. मुलगा ललिताने एकदाच पाहिला होता, आणि त्या दिवसापासून ती उशीच्या अभ्र्यांवर फुलं काढायला बसली होती. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं.

“हे तिसरं हाय,” रुख्माबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. “हे जर मोडलं, तर मी ललिताले घेऊन तुमसरले भावाकडं चालली जाईन. मंग तुमी आन् तुमची पुस्तकं रहा सुखानं.”

“मोडायसाठी नाही जात मी,” गुरुजी म्हणाले. “चौकशी तर करावीच लागते. पोरीच्या बापानं केली नाही तर कोन करन?”

हे मात्र खरं होतं. मुलीच्या बाजूने कुणीतरी मुलाच्या कामाच्या जागी जाऊन यायचं, सहज गेल्यासारखं करून चार शब्द काढायचे, ही रीतच होती. कुणी मामाला पाठवी, कुणी शेजाऱ्याला. गुरुजींनी स्वतः जायचं ठरवलं. बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी पायजम्याला क्लिप लावली आणि सायकल भरवेलीच्या रस्त्याला काढली. वाटभर ते एकच वाक्य घोळवत होते. चढावर ते अर्धं विसरत आणि उतारावर पुन्हा आठवत.

खाणीवर कुरियन नावाचे साहेब होते. दूर दक्षिणेकडचे. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी मोडकी येत होती, आणि इंग्रजी मात्र नळाच्या पाण्यासारखी येत होती. प्रेमलाल त्यांच्याच हाताखाली. साहेब जीपमध्ये बसायच्या बेतात होते. सुट्टीवर निघाले होते, गोंदियाहून पुढची गाडी गाठायची होती. तरी ते थांबले, आणि गुरुजींचं वाटभर घोळवलेलं वाक्य त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“प्रेमलाल? फाइन बॉय, मास्टर. व्हेरी ऑनेस्ट,” साहेब म्हणाले. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात लांब भोंगा वाजला. साहेबांनी मान जरा तिरकी केली, हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, “ओन्ली, ही इज रादर प्रोन टू—”

आणि सुरुंग उडाला.

एक नाही, ओळीने उडाले. जमीन हलली, बत्तीघराचे पत्रे थरथरले, झाडावरचे बगळे उठले. गुरुजींनी इतरांसारखेच दोन्ही कानांवर हात दाबले आणि डोळेही मिटून घेतले. कुरियन साहेबांना सुरुंगांची सवय होती. ते बोलतच होते. गुरुजींनी डोळे उघडले तेव्हा साहेबांचे ओठ हलत होते, कानांवरचे हात काढले तेव्हा साहेब म्हणत होते, “दॅट इज ऑल. युवर डॉटर शुड नो.” मग हात मिळवून ते जीपमध्ये बसले, आणि जीप तांबड्या धुळीत दिसेनाशी झाली.

आता एक साधी गोष्ट करता आली असती. ‘आय बेग युवर पार्डन, सर?’ एवढंच म्हणायचं होतं. हे वाक्य गुरुजी दरवर्षी पोरांकडून पाठ करून घेत. चुकलेल्याला दहादा लिहायला लावत. पण ते स्वतःला कधीतरी वापरावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जीप गेली त्या दिशेला बघत ते बराच वेळ उभे राहिले.

इंग्रजी न येणारा माणूस असता तर आनंदाने घरी गेला असता. साहेबांनी ‘फाइन’ म्हटलं, ‘ऑनेस्ट’ म्हटलं, हात मिळवला. आणखी काय पाहिजे? पण गुरुजींना इंग्रजी येत होती, आणि तीच त्यांच्या मुळावर आली. कारण ‘प्रोन टू’च्या पुढे काय येतं, हे त्यांना माहीत होतं. नेमकं नव्हे, पण जात माहीत होती. ‘प्रोन टू’च्या पुढे चांगली गोष्ट येत नाही. अमका दयाळूपणाला प्रोन आहे, तमका खरं बोलण्याला प्रोन आहे, असं एकही वाक्य गुरुजींनी उभ्या आयुष्यात वाचलं नव्हतं. माणूस प्रोन असतो तो आजाराला, अपघाताला, रागाला, वेडाला. ‘प्रोन’ म्हटल्यावर पुढचा शब्द ऐकू आला काय आणि न आला काय, काळं मांजर आडवं गेलंच.

घरी येऊन त्यांनी रुख्माबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“म्हनजे काही खोड हाय म्हनता पोट्ट्याले?”

“खोड असती तर बरं झालं असतं,” गुरुजी म्हणाले. “खोड म्हनजे दिसते. आपल्यात कसं, दारू पितो म्हनलं की पितो. भांडखोर म्हनलं की भांडते. मोकळं काम. इंग्रज तसं म्हनत नाही. तो म्हनते, ह्या मानसाचा कल हाय तिकडं. पडला नाही अजून, पन कलून उभा हाय.”

“मंग पडला नाही ना?”

“तेच तर!” गुरुजींचा आवाज चिरकला. “पडला असता तर पडून मोकळा झाला असता. आता तो कवा पडन, कशात पडन, कोनावर पडन, काही सांगता येत नाही.”

रुख्माबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. महागूलाच सरळ विचारा, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण गुरुजींना ते पटेना. तुमच्या पुतण्यात काय खोट आहे असं विचारल्यावर कोणता काका पाट मांडून बसवील? साहेब तर शनिवारशिवाय परतणार नव्हते. आतल्या खोलीत ललिता अभ्र्यावर फुलं काढत होती आणि बारीक आवाजात गुणगुणत होती. ती गुणगुण ऐकून गुरुजींच्या अंगावर काटा आला. या बिचारीवर तो पडणार होता.

गुरुवारी शाळेत त्यांनी काहीच शिकवलं नाही. फळ्याकडे तोंड करून ते एकेक रोग आणि एकेक व्यसन मनात त्या रिकाम्या जागी बसवून पाहत होते, आणि दुःख हे की प्रत्येक शब्द तिथे चपखल बसत होता. दारू बसत होती, जुगार बसत होता. फेफरं तर असं बसलं की जसं काही त्या जागेसाठीच केलं होतं. संध्याकाळपर्यंत गुरुजींचा भावी जावई झोपेत कुऱ्हाड घेऊन चालायला लागला होता.

शुक्रवारी महागू आणि प्रेमलाल साक्षगंधाचं जेवणाचं, पाहुण्यांचं ठरवायला घरी येणार होते. गुरुजींनी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. परीक्षा घेणं हा त्यांचा धंदाच होता, त्यामुळे तेवढ्यापुरता त्यांना धीर आला.

आता परीक्षेला साहित्य लागतं. गुरुजी बौद्ध घरातले, पंचशील पाळणारे. घरात दारूचा थेंब कधी शिरला नव्हता आणि ते शिरू देणारही नव्हते. शेजारी बाबूलाल टेलर राहत होता. त्याचा भाऊ मिलिटरीत होता, म्हणून त्याच्याकडे रमच्या रिकाम्या बाटल्या असत. त्यांत तो मशीनचं तेल ठेवी. गुरुजींनी त्याच्याकडून चिठ्ठी शाबूत असलेली एक बाटली मागून आणली, राखेने घासून धुतली, आणि तिच्यात चिरायत्याचा काढा भरला. गुरुजींना पावसाळ्यात ताप यायचा, त्यासाठी तो घरात असेच. रंग तंतोतंत जुळला. काढा इतका कडू होता की तो घ्यायचा म्हटलं की गुरुजी आदल्या दिवसापासून उदास होत. त्यांचा हिशेब सरळ होता. न पिणारा माणूस बाटली बघूनच नाही म्हणेल. पिणारा घोट घेईल, आणि थुंकेल.

पाहुणे आले. प्रेमलाल उंच, सडपातळ, खाली मान घालून बसणारा मुलगा होता. डोळे मात्र लालभडक. गुरुजींना ते डोळे पहिल्यांदा दिसले आणि मांडीखालची सतरंजी गरम झाल्यासारखी वाटली.

चहा झाल्यावर महागू मांडवाची जागा बघायला मागच्या अंगणात गेला. रुख्माबाई त्याला दाखवायला गेल्या. गुरुजींनी ही वेळ साधली. त्यांनी कपाटातून बाटली काढली, पेला भरला आणि पुढे केला.

“घेता का थोडी?”

प्रेमलालने बाटलीकडे पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं.

“हौ जी,” तो म्हणाला, आणि पेला एका दमात रिकामा केला.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड वाकडं झालं नाही. गुरुजी बघतच राहिले. तो काढा घेताना ते स्वतः गुळाचा खडा आधी हातात धरून बसत. हा माणूस तो पाण्यासारखा प्यायला! म्हणजे याच्या जिभेला चवच उरली नव्हती.

“आनखी घेता?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“हौ जी.”

दुसरा पेलाही गेला. गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला आणि खिशातून पत्ते काढले. तेही बाबूलालचेच. पत्ते खेळता का? हौ जी. डाव लावून खेळता? यावर प्रेमलाल जरा घुटमळला, पण गुरुजी उत्तराची वाट बघताहेत असं दिसल्यावर म्हणाला, हौ जी. मग गुरुजींनी त्याला राग येतो का ते पाहायचं ठरवलं. हे काम त्यांना अवघड गेलं, कारण त्यांनी आजवर कुणाचा अपमान केलेला नव्हता. बरंच आठवून ते म्हणाले की तुम्ही दिसायला जरा बावळट दिसता.

“हौ जी,” प्रेमलाल नम्रपणे म्हणाला.

हे तर फारच भयंकर होतं. जो चिडतो तो परवडतो. जो असं ऐकून घेतो, तो आत साठवून ठेवतो आणि एक दिवस घरातल्या माणसांवर काढतो. गुरुजींना आता थांबवेना. घसरणाऱ्या माणसाला जसे पाय आवरत नाहीत, तसे त्यांच्या तोंडून प्रश्न निघत गेले.

“झोपेत चालता का?”

“हौ जी.”

“फेफरं येते?”

प्रेमलालने क्षणभर विचार केला. “हौ जी. येत असन.”

“घरान्यात कोनी येडं होऊन गेलं?”

“हौ जी,” प्रेमलाल म्हणाला. त्याचा चेहरा आता हिरवट पडत चालला होता, आणि तो पोटावर हात ठेवून बसला होता. “तुमी म्हनता तर असनच.”

एवढ्यात महागू अंगणातून परतला. त्याने काय पाहिलं ते आपणही पाहू. सतरंजीवर पत्ते पसरलेले. मधे रमची बाटली, निम्मी. पुतण्याच्या हातात रिकामा पेला, डोळ्यांत पाणी. आणि मुलीचा बाप, शाळेतला मास्तर, घामाने निथळलेला, हात कापताहेत, डोळे फिरल्यासारखे. महागूने पुतण्याला दंडाला धरून उठवलं आणि न थांबता बाहेर काढलं. रुख्माबाई पानसुपारीचं ताट घेऊन दारात आल्या तेव्हा दोन सायकली कोपऱ्यावर वळत होत्या.

रेल्वेच्या फाटकाजवळ प्रेमलालला ओकारी झाली. चिरायताच तो, नुसत्या चहावर दोन पेले. फाटक बंद होतं, छोट्या लाईनची गाडी यायची होती, त्यामुळे बघायला दोन्ही बाजूंना भरपूर माणसं होती. महागूने त्या सगळ्यांदेखत सांगितलं की मुलीचा बाप बेवडा आहे, जुगारी आहे, आणि लग्नाआधीच त्याने पोराला बिघडवलं. त्या गर्दीत बाबूलाल टेलरही उभा होता. त्याने गुरुजींची बाजू घ्यायची म्हणून सांगितलं की नाही, गुरुजी तसे नाहीत, बाटली तर ते माझ्याकडूनच घेऊन गेले. पत्तेसुद्धा.

दिवे लागायच्या आत ही बातमी आमच्या गावात सगळीकडे पोचली. जे गुरुजींकडून तार वाचून घ्यायला येत ते दाराशी येऊन वास घेऊन परत गेले. बाबूलालच निरोप घेऊन आला: साक्षगंध होणार नाही, महागूने पाहुण्यांना कळवलं. निरोप सांगताना तो गुरुजींकडे जरा आदराने बघत होता.

गुरुजींना खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दारुड्या, जुगारी, फेफरंवाला, झोपेत चालणारा जावई टळला होता. पण त्यांनी आत पाहिलं, तर रुख्माबाई ट्रंकेत लुगडी भरत होत्या आणि ललिता अभ्र्यावरचं अर्धं फूल सुईने उसवत बसली होती. ती रडत नव्हती. तिने वर न बघताच विचारलं, “बाबा, साहेबानं काय म्हनलं होतं त्यायले?”

“ते ऐकू नाही आलं मले, बाई.”

“म्हनजे तुमी न ऐकल्यावरून मोडलं.”

पहिल्या दोन स्थळांच्या वेळी ललिता काही बोलली नव्हती. त्या रिकाम्या जागेत त्यांनी इतके शब्द बसवून पाहिले होते, पण ललिताचा चेहरा बसवून पाहिला नव्हता. आता त्यांना निराळीच भीती वाटायला लागली, आणि ही आधीच्या सगळ्या भीत्यांपेक्षा जड होती. त्यांची मुलगी त्यांच्यामुळे घरात बसणार होती, आणि ते का, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नव्हतं.

रविवारी सकाळी, जेव्हा दारात मांडव असायचा, तेव्हा गुरुजी खुलासा करायला भरवेलीच्या मोटारीत बसले होते. मागच्या बाकावर रुख्माबाई होत्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत ती बाटली. शेजारी ललिता. तिला आणू नये असं गुरुजींना वाटत होतं, पण रुख्माबाईंनी विचारलंच नाही. मोटारीत ओळखीचं एक माणूस होतं, ते उठून पुढे जाऊन बसलं.

महागू दारातच भेटला. त्याने ‘या’ म्हटलं नाही. गुरुजींनी चौकशीपासून सांगायला सुरुवात केली, पण भीतीने त्यांचं बोलणं मागचं पुढे होऊ लागलं. सुरुंगाच्या आधी काढा आला, काढ्याच्या आधी फेफरं आलं. महागूने हात वर करून थांबवलं.

“साहेब येऊन गेले सुट्टीवरून. बत्तीघराकडंच हायेत. तुमी म्हनता ना, साहेबानं म्हनलं? चला. त्यायच्या समोरच होऊन जाऊ द्या.”

रविवार असूनही प्रेमलाल बत्तीघरात होता. नथ्थू नावाच्या सोबत्याला सासुरवाडीला जायचं होतं, म्हणून त्याची ड्यूटी हा करत होता. डोळे तसेच लाल होते. ललिताला पाहून तो उभा राहिला आणि हातातली बत्ती त्याने उलटी धरली. कुरियन साहेब बाहेर बत्त्यांचे पट्टे तपासत होते.

रस्ता ओलांडायला पलीकडे काही नव्हतं. एका बाजूला खाण होती आणि दुसऱ्या बाजूला रुख्माबाई. ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून, वर्गात म्हणतात तसं, मोठ्याने म्हटलं:

“आय बेग युवर पार्डन, सर.”

साहेबांना वाटलं काही अपराध झाला. मग गुरुजींनी बुधवारचं अर्धं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं, ‘प्रोन टू’पर्यंत, आणि तिथे थांबून हात जोडले. साहेबांना आठवलं. ते हसायला लागले.

“प्रोन टू सेइंग येस, मास्टर,” ते म्हणाले, आणि मग महागूला आणि रुख्माबाईंनाही कळावं म्हणून आपल्या हिंदीत शिरले. “ये लडका ना बोलना नहीं जानता. कोई बोला मेरा ड्यूटी करो, हौ जी. कोई बोला मेरा नाइट शिफ्ट करो, हौ जी. तीन आदमी का काम करता, सोता नहीं, आँख देखो. हम बोला, आपका बेटी को मालूम होना. ये ना नहीं बोलेगा, तो उसको बोलना पडेगा.”

मग गुरुजींच्या डोक्यात शुक्रवारचे सगळे ‘हौ जी’ एकामागून एक परत आले. दारूला हौ जी. जुगाराला हौ जी. फेफऱ्याला हौ जी. परीक्षेत पोरगा नापास झाला नव्हता. परीक्षा घेणाऱ्याने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता.

महागूचा विश्वास मात्र अजून बसला नव्हता. रुख्माबाईंनी पिशवीतून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. “घ्या, तुमीच चाखून पहा. दारू हाय का ज्वराचं अवसद हाय.”

महागूने हुंगलं. मग एक घोट घेतला. त्याचं तोंड जे आवळलं ते काही वेळ उघडलंच नाही. त्याने पुतण्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच थोडा धाक दिसला.

“दोन पेले पेलास हे?”

“हौ जी,” प्रेमलाल म्हणाला.

सगळे हसले. साहेब हसले, महागू हसला, ललिताने पदर तोंडाशी नेला. आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने विषय संपवला असता. पण गुरुजींचा चेहरा हसता हसता मध्येच थिजला. त्यांना पुढचं दिसलं होतं.

हा कशालाच नाही म्हणत नाही. मग मुलगी पसंत आहे का, असं महागूने विचारलं असेल तेव्हा काय म्हणाला असेल?

“ललिता पसंत हाय का तुमाले?” गुरुजींनी विचारलं.

“हौ जी.”

ते उत्तर ऐकलं आणि कुणीच हसलं नाही. फेफऱ्यालाही त्याने हेच उत्तर दिलं होतं, याच आवाजात. ललिताचा पदर तोंडावरून खाली आला. महागू जमिनीकडे बघू लागला. गुरुजींना वाटलं, आपण इंग्रजीतून एक दार उघडायला गेलो आणि आपल्याच हाताने बाहेरून कडी लावली. आता काहीही विचारा, आत कोण आहे ते कळायचंच नाही.

तेव्हा रुख्माबाई पुढे झाल्या. त्यांनी बाटली नवऱ्याच्या हातात दिली, कमरेवर हात ठेवला आणि प्रेमलालला सरळ विचारलं.

“बापू, मी काय म्हनते, येवढं झालं, चार लोकांत बोभाटा झाला. आता हे लगन मोडून टाकू. ठीक हाय ना?”

गुरुजींनी बायकोकडे असं पाहिलं जसं कुणी सुरुंगाची वात पेटवताना पाहावं. प्रेमलालचं तोंड उघडलं. त्याचे ओठ सवयीने गोल झाले. सगळ्यांना तो ‘हौ’ ओठांवर आलेला दिसत होता. गुरुजींनी तर बुधवारसारखेच दोन्ही कानांवर हात दाबले आणि डोळे मिटले.

पण यावेळी मधे हात आले तरी त्यांना ऐकू आलं.

“नाही जी,” प्रेमलाल म्हणाला.

गुरुजींनी डोळे उघडले. पोरगा कानांपर्यंत लाल झाला होता, आपल्याच आवाजाला भ्यायल्यासारखा उभा होता, आणि ललिताकडे बघत होता. मग त्याने, चुकून झालं नाही हे कळावं म्हणून, पुन्हा एकदा म्हटलं, “नाही मोडाचं.”

साक्षगंध पुढच्या रविवारी झालं. बाबूलाल टेलरने नवरदेवाचा पांढरा सदरा फुकट शिवून दिला. बाटली त्याने परत मागितली नाही. तिच्यात ठेवलं तर मशीनचं तेलही कडू लागेल म्हणाला, जसं काही तो ते चाखत होता.

लग्नानंतर मात्र एक झालं. एकदा तो शब्द तोंडातून सुटल्यावर प्रेमलालला तो आवडला. आधी नथ्थूला त्याची ड्यूटी परत मिळाली. मग महागूला स्वतःच्या सायकलचं पंक्चर स्वतः काढावं लागलं. दिवाळीला जावई घरी आला तेव्हा गुरुजींनी त्याला मोठ्या मायेने जवळ बसवलं आणि सांगितलं की इंग्रजीत ‘प्रोन टू’ आणि ‘लायेबल टू’ यांत बारीक फरक आहे, तो फार मजेचा आहे, आता निवांत बसून समजावून सांगतो.

“नाही जी,” जावई नम्रपणे म्हणाला, आणि ललिताला घेऊन सिनेमाला गेला.

गुरुजी पुस्तक मिटून बसून राहिले. हा मुलगा आता कशाला प्रोन होत चालला आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पण स्वयंपाकघरातून रुख्माबाई बघत होत्या, म्हणून त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही.